सातपुड्यात आणि पाटणादेवीच्या डोंगरात हिंडताना जंगली जनावरांपासून कसं जपायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: धुळ्याच्या आठ जणांचा गट मार्चअखेरीस पाटणादेवी-कन्हेरगड करून पुढे यावल अभयारण्यात, पालच्या बाजूला दोन दिवस पायी फिरणार आहे. ऊन नको म्हणून पहाटे साडेतीनला निघायचं ठरलंय. बिबट्याच्या बातम्यांमुळे घरचे धास्तावलेत. सोबत सुरा, फटाके, मिरचीचा स्प्रे घ्यावा का? एकाला त्याचा लॅब्रेडॉर न्यायचाय, चालेल का? आणि जनावर समोर आलंच तर काय करायचं?

तुमच्या यादीत मला सगळ्यात जास्त खटकलं ते पहाटे साडेतीन. बाकीचं नंतर बघू.

आपल्याकडे मार्च सरता सरता पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे उन्हाआधी डोंगर गाठावा असं प्रत्येकाला वाटतं. जनावरालाही तेच वाटतं. दिवसभर कपारीत नाहीतर जाळीत पडून राहायचं आणि दिवस मावळल्यापासून सकाळचं ऊन चढेपर्यंत पाण्याला, खायला बाहेर पडायचं, हा त्याचा उन्हाळ्याचा शिरस्ता. त्यात होळीनंतर नाले आटतात आणि दोन-चार डोह, वनविभागाचे पाणवठे एवढंच पाणी उरतं. म्हणजे वेळ एकच, पाणी एकच आणि वाटही बहुतेक वेळा एकच, कारण पायवाट जनावरालाही सोयीची असते. जंगलात ट्रेकरवर होणारा हल्ला हा बहुतेक वेळा शिकारीसाठी नसतो. दोघांची अचानक समोरासमोर गाठ पडते, जनावर बिथरतं आणि अंगावर येतं. ती गाठ पडू द्यायची नाही, हीच सगळी विद्या.

म्हणून टॉर्चशिवाय पायाखालचं दिसायला लागलं की निघा, त्याआधी नाही. साडेदहाच्या आत सावली गाठा, दुपार तिथेच काढा आणि साडेपाचच्या आत गावात या. एवढ्या वेळात गड होत नसेल तर गड अर्धा सोडा किंवा बेत डिसेंबरात न्या. तसंही अभयारण्यात अंधारात पायी फिरायची परवानगी मिळत नाही. यावल १९६९ पासून अभयारण्य आहे आणि पाटणादेवीचा डोंगर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. दोन्हीकडे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घेऊनच आत जायचं. वाटाड्याला देता ते पैसे रस्ता दाखवण्याचे कमी आणि 'कालपासून इथं काय हिंडतंय' हे माहीत असण्याचे जास्त असतात.

घरचे बिबट्याला घाबरतात. मी मार्चमध्ये अस्वलाला जास्त भितो.

तुम्ही निवडलेले दिवस नेमके मोह गळायचे आहेत. पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. पाड्यावरच्या बायका-पोरं टोपल्या घेऊन अंधारातच वेचायला निघतात आणि अस्वलही त्याच झाडाखाली येतं. त्याची नजर अधू. नाक तिखट, पण डोकं एकदा वारुळात किंवा पाल्यात गेलं की आजूबाजूचं भान राहत नाही. अशा वेळी तुम्ही दहा पावलांवर जाऊन उभे राहिलात की ते पळण्याऐवजी आधी अंगावर येतं. बिबट्या तुम्हाला बघून कधीच सटकलेला असतो. अस्वलाला तुम्ही दिसलेलेच नसता, हा मोठा फरक. पिल्लं पाठीवर असलेली मादी तर आणखीच वाईट.

पालच्या वरच्या अंगाला एकदा आमच्यासोबत पावरा समाजातले एक वयस्कर बाबा वाटाडे होते. नाल्याच्या प्रत्येक वळणाआधी थांबायचे, काठी दोनदा दगडावर आपटायचे, मोठ्यानं खाकरायचे आणि मगच वळायचे. आमच्यातल्या पोरांना आधी गंमत वाटली. पुढे एका मोहाखाली पाला उपसलेला दिसला. शेजारच्या वारुळाला कोपरभर खोल भोक, काठावर नखांच्या समांतर रेघा आणि आतली माती अजून ओलसर. बाबांनी चिमूटभर माती बोटांत चोळली, काही न बोलता वाट सोडली आणि आम्हाला वरच्या धारेवर घेतलं. धारेवरून जाताना खाली करवंदीच्या जाळीतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज येत होता, फूंऽफूं, फूंऽफूं. अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं, त्याचा हा आवाज. आम्हाला अस्वल दिसलं नाही आणि ते दिसलं नाही हेच बरं झालं.

ओली उकरलेली माती, टेंभुर्णीच्या किंवा बोराच्या बियांनी भरलेली विष्ठा, झाडाच्या खोडावर ताज्या ओरखड्यांच्या खुणा यातलं काही दिसलं की तिथे फोटो काढत बसू नका. नाल्यातून, जाळीतून, वळणावरून जाताना बोलत चला. गाणी वाजवायची गरज नाही, आठ माणसांचं बोलणं पुरतं. मुकाट्यानं चालणारा एकटा माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

अस्वल लांब असेल आणि त्यानं तुम्हाला पाहिलं नसेल तर आल्या वाटेनं गुपचूप मागे. जवळ असेल आणि बघत असेल तर सगळ्यांनी एकत्र गोळा व्हा, हळू आवाजात बोलत एकेक पाऊल मागे सरका. धावून आलंच तर जमावानं ओरडा, काठ्या आपटा. बरेचदा ते अर्ध्यावरून फिरतं. पळू नका, माणसापेक्षा जास्त वेगानं ते चढावरही पळतं. झाडावर चढू नका, ते तुमच्यापेक्षा चांगलं चढतं. आणि अगदी अंगावरच आलं तर पालथं पडायचं, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफायची, कोपरांनी चेहरा झाकायचा, पाठीवरची सॅक तशीच राहू द्यायची. अस्वल डोकं आणि तोंड धरतं, ते वाचवायचं. हातपाय झाडू नका. ते गेलं असं वाटलं तरी थोडा वेळ पडून राहा, लगेच उठलं की पुन्हा येतं.

आता बिबट्या. २०१७ च्या शेवटी चाळीसगाव तालुक्यात काय झालं हे घरच्यांना आठवत असणार. बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसं गेली, शेतात जायला मजूर मिळेनात आणि शेवटी डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. पण ते बळी शेतशिवारातले होते. वाकून काम करणारी बाई, घराबाहेरचं लहान मूल. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावराएवढा दिसतो. ताठ उभ्या मोठ्या माणसाच्या वाटेला तो सहसा जात नाही.

तळोदा-शहाद्याकडे उसात आणि यावल-रावेरला केळीत बिबटे ठाण मांडून असतात. पाणी आहे, गारवा आहे, रानडुकरं आहेत, गावची कुत्री आहेत, त्याला आणखी काय हवं? म्हणून माझ्या मते तुमचा धोक्याचा टप्पा अभयारण्यातला नाहीच. दमून, पांगून, मोबाइलमध्ये डोकं घालून संध्याकाळी केळीच्या बागांमधून गाडीपर्यंत परतता, तो शेवटचा कोस-दीड कोस सांभाळा. तिथे एकमेकांना धरून चाला, टॉर्च पेटवा, सगळ्यात बुटका मधे ठेवा. बुटाची नाडी बांधायला एकटं मागे बसायचं नाही. परसाकडे जायचं तर जोडीनं, आणि दुसऱ्यानं उभं राहून आजूबाजूला टॉर्च फिरवत राहायचं. याला हसू नका.

समोर आलाच तर थांबा. पाठ फिरवायची नाही, वाकायचं नाही, दगड उचलायलासुद्धा नाही. हात वर करा, सॅक डोक्यावर धरा, मोठे दिसा, त्याला जायला वाट ठेवून मागे सरका. ओरडायचं ते भारदस्त आवाजात, किंचाळायचं नाही. झडप घातलीच तर इथे अस्वलासारखं पडून राहायचं नाही. पुरी ताकद लावून झुंजायचं, डोळ्यांवर, नाकावर काठी हाणायची, बाकीच्यांनी सगळ्यांनी मिळून तुटून पडायचं.

वाघासाठीही हेच. तो दिसण्याची शक्यता फार कमी, तरी शून्य नाही. मुक्ताईनगरकडे वढोदा-डोलारखेड्याच्या जंगलात वाघ आहेच, आणि २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून एक नर चालत थेट गौताळ्यात आला होता.

लॅब्रेडॉर घरी ठेवा. कुत्रं हे बिबट्याचं आवडतं खाणं. शिवाय ते पुढे पळतं, जाळीत भुंकतं, अस्वलाला उठवतं आणि मग शेपूट घालून त्याला मागे घेऊन थेट तुमच्या पायात येतं. अभयारण्यात ते चालणारही नाही.

शेतांतून जाताना आणखी एक गोष्ट आहे, तिचा जनावरांशी संबंध आडून आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) मका-केळीची वाट लावतात म्हणून बांधावर तारा लावलेल्या असतात. झटका मशीनची तार असेल तर जोराचा धक्का बसतो, माणूस सहसा मरत नाही. पण काही जण चोरून थेट लाइनचा करंट सोडतात. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं मेली आहेत. अंधारात बांध ओलांडायचा नाही, तार खाली वाकवून पलीकडे जायचं नाही, गाडीरस्ता लांबचा असला तरी तोच धरायचा.

रानडुक्कर स्वतःहून वाटेला जात नाही. जखमी असेल, पिल्लं असतील किंवा तुम्ही त्याची वाट अडवली असेल तर सरळ रेषेत मुसंडी मारतं आणि सुळ्यानं मांडी फाडतं. मोठ्या दगडावर किंवा झाडावर कमरेच्या वर चढलात तरी पुरे. तरस आणि लांडगा ट्रेकरला दिसला तर नशीबच म्हणायचं. मात्र भर दुपारी माणसाला न बुजता, लडबडत जवळ येणारा कोल्हा, लांडगा किंवा कुत्रा दिसला तर तो पिसाळलेला आहे असंच धरून चाला. पाटणादेवीच्या, मनुदेवीच्या वानरांना खायला घालू नका. प्लास्टिकची पिशवी हातात दिसली की ते ओढतात, आपण परत ओढली की चावतात. पिशवी सोडून द्या.

मधमाश्यांबद्दल तुम्ही विचारलंच नाही. कुणीच विचारत नाही.

पाटणादेवीच्या कड्यांना, पितळखोऱ्याच्या लेण्यांच्या कपारींत, उंच वड-उंबरांना आग्या मोहोळ लागतं. हाताएवढं रुंद, काळपट, वरून खाली लोंबणारं, आणि त्याच्या अंगावरून अधूनमधून एक लहर सरकत जाते. आणि आपली सवय काय? जंगलात गेलो की भरीत पार्टी. पऱ्हाट्या पेटवायच्या, वर वांगी टाकायची, धूर करायचा. तो धूर कड्याला लागून सरळ वर जातो आणि मग पळता भुई थोडी. अभयारण्यात आग लावायला कायद्यानंच बंदी आहे आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसापर्यंत वणव्याचा हंगाम असतो. तेव्हा भरीत घरूनच करून न्या, सोबत कळण्याच्या भाकरी. बसायच्या जागी आधी मान वर करून बघा. अत्तर, डिओ, काळे कपडे टाळा. दगड मारणारा किंवा ड्रोन उडवणारा एखादा प्रत्येक गटात असतो, त्याला आधीच तंबी द्या.

बाकी सगळ्या जनावरांपुढे पळू नका म्हणालो, मधमाश्यांपुढे मात्र पळायचंच. तोंड-डोकं शर्टानं झाकून, हात न झटकता, दाट झाडीतून जमेल तितकं लांब. गाडी किंवा बंद खोली मिळाली तर उत्तम. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत थांबतात आणि दमलेला माणूस बुडतो. अडकलेले काटे नखानं किंवा कार्डानं लगेच खरवडून काढा. पुष्कळ डंख झाले असतील, ओठ-जीभ सुजत असेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल तर ताबडतोब दवाखाना. अशा वेळी अॅड्रेनलिनचं इंजेक्शनच वाचवतं, घरगुती लेपानं काही होत नाही. आधीपासून अॅलर्जी असलेला कुणी गटात असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

सापाचंही तसंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही आपल्याकडे आहेत. माळावरच्या दगडगोट्यांत फुरसं जास्त. ते जेमतेम हातभर लांब, मातीच्या रंगाचं, अंगावर अंग घासून खरखर करतं, पण तेवढं ऐकायला माणूस थांबला तर ना. घोट्याच्या वर येणारे बूट, जाड पँट आणि हातात काठी हवी. कन्हेरगडावर चढताना हात टेकायच्या खोबणीत आधी नजर, मग हात. गुहेत शिरण्याआधी टॉर्च मारून थोडं थांबा, आत वटवाघळांपासून सायाळीपर्यंत कुणीही असू शकतं. मण्यार रात्री उघड्यावर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात. म्हणून जमिनीवर अंथरूण टाकू नका. पालच्या वनविश्रामगृहात सोय होत असेल तर तिथे, नाहीतर गावात कुणाकडे खाट मागा. बूट सकाळी आपटूनच घाला.

चावलाच तर माणसाला चालवू नका, पळवू तर मुळीच नका. अंगठी, कडं, जोडवी, घड्याळ काढून ठेवा, कारण सूज चढते. चावलेला हात किंवा पाय काठ्या बांधून स्थिर करा. करकचून दोरी नको, ब्लेड नको, तोंडानं ओढणं नको, बर्फ नको, भगताकडे नेणं तर नकोच. साप पकडायला जाऊ नका. आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर एकच चालतं. चावल्याची वेळ तेवढी लिहून ठेवा. पाटणादेवीहून चाळीसगावचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं, पालहून रावेरचं. धुळे आणि जळगावला वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. निघण्याआधी फोन करून प्रतिविष आहे का हे विचारून घ्या. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं नुसतं ठेवून देतील, त्यावर नातेवाइकांनी आरडाओरड करू नये. रक्त गोठतंय की नाही, म्हणजे घोणस-फुरशाचं विष चढलंय का, ते त्यातूनच कळतं.

सुरा, फटाके, स्प्रे: सुरा अस्वलापुढे काही कामाचा नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय शस्त्र नेणं वन्यजीव संरक्षण कायद्यात गुन्हा आहे, सोबत नेलात तर नाक्यावरच अडकाल. फटाके मार्चच्या वाळल्या गवतात म्हणजे वणवाच. मिरचीचा स्प्रे खिशात ठेवायला हरकत नाही, पण वारा उलटा असला तर तो तुमच्याच डोळ्यांत. त्यापेक्षा प्रत्येकाकडे खांद्याएवढी बांबूची काठी, चांगली टॉर्च आणि शिट्टी असू द्या. जाड सुती पंचा प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवा. अस्वलानं डोक्याची कातडी फाडली तर ती कापून टाकायची नाही, हलकेच जागेवर बसवायची, वरून पंचा घट्ट दाबून धरायचा आणि तसंच दवाखाना गाठायचा.

सातपुड्यात आत गेलात की मोबाइलला रेंज नसते. गाडी आणि ड्रायव्हर खाली ठेवा, परतायची वेळ वनचौकीत सांगून जा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वनविभागाची मदतवाहिनी १९२६, हे दोन्ही प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत.

चावा किंवा ओरखडा बिबट्याचा असो, वानराचा असो, की पाड्यावरच्या कुत्र्याचा (आणि ट्रेकरला चावतं ते बहुतेक वेळा हेच), जखम आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी रेबीजची पहिली लस, मग तिसऱ्या, सातव्या आणि पुढच्या ठरलेल्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) घ्यायचं. जखम आठवड्यात सुकते आणि पोरं पुढचे डोस बुडवतात. गटात एकाकडे ही जबाबदारी सोपवा आणि परत आल्यावर त्यानं त्या पोराला धरून दवाखान्यात न्यायचं.